एक हजार चौतिसावी गाडी

६ फेब्रुवारी

वहिनी,

हात जोडूनच लिहायला बसलोय. पुढे वाचायचं की इथेच फाडायचं, ते तुम्ही ठरवा. आई गेली तेव्हा तुम्ही दोन ओळी पाठवल्या होत्या, त्या पाकिटामागे हा पत्ता होता. अकरा वर्षं जपून ठेवला. तुम्ही अजून तिथेच राहता का, तेही मला माहीत नाही.

तुम्ही गाव सोडल्यापासून मी एक अक्षर लिहिलं नाही आणि आज लिहितोय, म्हणजे कुणीतरी गेलं असेल असं वाटेल तुम्हाला. तसं काही नाही. आमची ही ठीक आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. मीही ठीक आहे.

विचारायचं एवढंच, की तुम्हाला परदेशातल्या कुणा मास्तरांचं पत्र आलंय का? रिटायर झालेले शाळामास्तर आहेत. जुन्या जर्मन गाड्या मोजायचा त्यांना नाद आहे. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी, हे आकडे जमवतात. जर्मनीत किती गाड्या बनल्या ते छापलेलं सापडतं म्हणे. पण ज्या गाड्या सुट्या करून, खोक्यांत भरून बोटीनं परदेशी गेल्या आणि आपल्यासारख्यांनी जोडल्या, त्यांची मोजदाद कुणाकडेच धड नाही. म्हणून ते जुन्या कामगारांना पत्रं लिहितात. आपल्या कारखान्याला दहा वर्षं झाली तेव्हा एक पुस्तिका निघाली होती ना, सगळ्यांची नावं आणि पत्ते असलेली? ती त्यांच्या हाती लागली आहे. तिच्यात दादाचंही नाव आहे.

त्यांचा प्रश्न साधा आहे. शेवटच्या मॉडेलच्या एकूण गाड्या किती जोडल्या?

वाचून मी कपाळ पुसत बसलो. ही म्हणाली, "अहो, गाड्यांचा आकडा विचारलाय, तुमचं वजन नाही. घाम कसला पुसताय?" मी हसून वेळ मारून नेली.

तुम्हाला तसं पत्र आलं असेल तर उत्तर देऊ नका. इतकंच सांगायचं होतं.

तुमचा दीर, अजून म्हणवून घेता येत असेल तर


२७ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं. मास्तरांना मी उत्तर आधीच पाठवून टाकलं होतं. एक हजार बत्तीस, असं ठळक अक्षरात. ते खोटं नाही. नंबर जर्मनीहून कागदावर यायचा आणि लोखंडावर मी ठोकायचो. दहा पोलादी ठसे आणि एक हातोडी. एका ठशाला एकच घाव. दुसरा घातला की आकडा दुहेरी उमटतो आणि बॉडी परत. म्हणून तर सगळे मला ठोक्या म्हणायचे. दादा स्टोअरला होता. खोकी उघडून माल यादीशी ताडून बघायचा, आणि काचा, टायर, बॅटऱ्या इथल्याच असायच्या, त्या लाइनला द्यायचा. एका खेपेत बारा गाड्या, शेवटच्या मॉडेलच्या खेपा शहाऐंशी. गुणून बघा.

काल मास्तरांचं दुसरं पत्र आलं. माझे आभार मानलेत आणि सोबत फोटो. एका गाडीची मागची सीट काढली आहे, खालचा पत्रा खरवडून साफ केलाय, आणि त्यावर नंबर आहे १०३४. गाडी आता इथल्याच एका दाताच्या डॉक्टरांकडे आहे, हौस म्हणून ते ती दुरुस्त करतायत. मास्तर विचारतात, एक हजार बत्तीसच गाड्या झाल्या तर ही कुठून आली?

वहिनी, तो हात माझा आहे. चारचा ठसा माझ्याकडून कायम जरासा कलायचा.

तीन गाड्या जास्त झाल्या होत्या. शेवटच्या खेपेतली तीन गाड्यांची खोकी बोटीवर भिजली. जर्मन कंपनीनं बदली माल पाठवला आणि भिजलेला माल भंगारात गेला असं कागदावर लिहिलं गेलं. तो भंगारात गेला नाही. तो वाळवून, पुसून, सुट्टीच्या दिवशी दार लावून आम्ही पाच जणांनी जोडला. सांगणारे होते मांजर. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, तुम्हाला आठवत असतीलच. रबरी तळव्यांचे बूट घालायचे, पाठीशी येऊन उभे राहिले तरी पत्ता लागायचा नाही. मला म्हणाले, "ठोक्या, या तिघी बिननावाच्या. यांना हात लावायचा नाही."

त्यांनी पाठ फिरवल्यावर मी ठोकले. जेवणाच्या सुट्टीत, मागच्या सीटखाली, जिथे कुणी बघत नाही तिथे. तेहतीस, चौतीस, पस्तीस. यात शूरपणा नव्हता. चौदा वर्षांत माझ्या हाताखालून एकही बॉडी नंबराशिवाय गेली नव्हती, हात शिवशिवले. खोड म्हणा.

त्या गाड्या कशासाठी होत्या, ते तेव्हा माहीत नव्हतं असं मी स्वतःला सांगत आलोय. त्या वर्षी माणसं घरातून उचलून न्यायचे, ते तुम्हाला मी काय सांगू? कागदावर नसलेल्या गाडीचा मालक कोण विचारणार?

फोटो मी गादीखाली ठेवलाय. हे पत्र टाकायला मी पलीकडच्या वस्तीतल्या पेटीपर्यंत चालत जाणार आहे.


१२ मार्च

वहिनी,

मांजर घरी येऊन गेले.

दुपारी साडेतीनला दार वाजलं. हिनं उघडलं. मी टेबलाशी बसून तुम्हालाच लिहीत होतो. पाकिटावर तुमचा पत्ता घालून झाला होता. जिन्यावर पावलं वाजली नव्हती आणि तिसऱ्या मजल्यावरचा जिना लाकडी आहे, मांजरसुद्धा चढलं तर करकरतो. मी वर पाहिलं तर ते आतच होते. हातात काठी, अंगावर इस्त्रीचा कोट. ऐंशीच्या घरात असतील, पण पाठ ताठ.

"काय ठोक्या, हात चालतात का अजून?"

मी उठून उभा राहिलो. वहिनी, सदुसष्ट वर्षांचा माणूस मी, शाळेतल्या पोरासारखा उभा राहिलो. पाकीट टेबलावर उघडं पडलेलं.

"बसा ना साहेब."

ते बसले, ते नेमके पाकिटासमोर. चष्मा खिशात होता. तो काढायला त्यांनी हात खिशात घातला. तेवढ्यात ही आतून चहाचा ट्रे घेऊन आली आणि तिनं तो धाडकन त्या पाकिटावरच ठेवला. थोडा चहा सांडला.

"माफ करा हं, हात कापतात हल्ली," ती म्हणाली. तिचे हात कधीच कापत नाहीत. माझे कापतात.

मांजरांनी चहा घेतला. म्हणाले, "मलाही मास्तरांचं पत्र आलंय. मोठा चिकट माणूस दिसतो. तू काय कळवलंस?"

"एक हजार बत्तीस."

"शाबास. आकडा एकच असतो. दोन झाले की लोकांना झोप येत नाही." मग कप खाली ठेवून, अगदी घरच्यासारखं विचारलं, "तुझी वहिनी कुठे असते रे आता? मुलगी मोठी झाली असेल. लग्नबिग्न झालं का तिचं?"

"माहीत नाही साहेब. संबंध नाही आमचा."

"पत्ता असेल की."

"नाही."

"नक्की?"

"भावाच्या माघारी तोंड बघत नाहीत आमचं," ही मध्येच म्हणाली. "पत्ता कशाला देतील? आणखी चहा देऊ?"

मी त्यांच्या कोटाच्या बटणाकडे बघत होतो. मग ते उठले, दारात थांबले आणि म्हणाले, "तू शहाणा आहेस. पहिल्यापासून." गेले. तेव्हाही जिना वाजला नाही.

ही दाराला टेकून खालीच बसली. म्हणाली, "हे शहाणा कशाबद्दल म्हणाले तुम्हाला?"

मी उत्तर दिलं नाही. तुम्हालाही आज देत नाही.

तुम्ही मात्र जपा. छकुलीलाही सांगा. दार उघडण्याआधी कोण आहे ते विचारत जा.


२१ मार्च

वहिनी,

त्या सकाळी मी काय पाहिलं, ते आज लिहितो.

साडेसात वाजले होते. दादा पहिल्या पाळीला निघाला होता. मी खिडकीशी दाढी करत होतो. खाली काळी गाडी उभी राहिली, दोघं उतरले, एकानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला, जणू ओळखीचा आहे. त्याला मागे बसवलं आणि दार लावलं. ते लागलं नाही. पुन्हा आपटलं, तेव्हा लागलं.

त्या आवाजावरून मी ओळखली गाडी. भिजलेल्या खोक्यांत एका गाडीच्या मागच्या उजव्या दाराची बिजागरी वाकलेली आली होती. आम्ही किती ठोकून सरळ केली तरी ते दार पहिल्यांदा लागायचंच नाही. चौतीस नंबरची.

तुम्ही अनवाणी रस्त्यावर धावलात. मग वर आलात आणि मला विचारलंत, "भावोजी, कुणाची गाडी होती? तुम्ही तर गाड्यांतलेच." माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. मी म्हणालो, "ओळखू आली नाही."

तुम्ही तीन वेळा विचारलंत. मी तीनही वेळा तेच सांगितलं. वर्षभरानं तुम्ही लेकीला घेऊन गेलात, तेव्हा मला नमस्कारही केला नाहीत, करू दिलाही नाहीत. बरोबर होतं ते.

हरवलेल्या माणसांची चौकशी करणारी कचेरी मागच्या वर्षी आपल्याकडे उघडली. जुन्या पोस्टाच्या वर दोन खोल्या आहेत. मी परवा तिथे दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा हिनं मला कोपराला धरून आत नेलं. चौकशीच्या बाई तरुण आहेत. फोटो पाहिला, सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, "आजोबा, एवढी वर्षं का नाही आलात?"

"भीती वाटत होती."

"आता नाही वाटत?"

"आता पण वाटते."

त्यांनी तेसुद्धा लिहून घेतलं.


२ एप्रिल

वहिनी,

हे पत्र मी हिला वाचून दाखवलं आहे. आधी तिला सांगायला हवं होतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आज म्हणाली, "पाठवा. आता मागे ठेवलंत तर मी लिहीन."

दादाला टायरांचा घोळ कळला होता. तीन गाड्यांना पाच पाच टायर लागतात. ते त्याच्याच स्टोअरमधून गेले, तो रजेवर असताना. त्यानं मला घरी विचारलं, "तुला काही माहीत आहे का रे?" मी म्हणालो, नाही. त्यानं विश्वास ठेवला. आठवड्यानं कॅन्टीनच्या भिंतीवर कुणीतरी हातानं लिहिलेला कागद चिकटवला. खाली सही नाही. "गाड्या एक हजार बत्तीस, टायर गेले एक हजार पस्तिसांचे. उरलेले काय उंदरांनी खाल्ले?" दिवसभर सगळे हसत होते. एकमेकांना उंदीर म्हणत होते. मी हसत नव्हतो. 'र' ची ती लांब शेपटी मी शाळेपासून पाहिली होती, माझ्या पाट्यांवर त्यानंच गिरवून दिलेली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मांजरांनी मला खोलीत बोलावलं. कागद टेबलावर होता. त्यांनी मला मारलं नाही, शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. नुसतं दार लावलं आणि चहा मागवला. म्हणाले, "अक्षर कुणाचं?"

चहा निवायच्या आत मी सांगितलं.

मला वाटलं, कामावरून काढतील. फार तर चार दिवस आत ठेवतील. वहिनी, हे मी लिहितोय खरं, पण मला खरोखर असं वाटलं होतं का, की नंतर वाटून घेतलं, ते आता मलाच सांगता येत नाही. पाचव्या दिवशी ती गाडी आली.

चौकशीच्या बाईंना मी हेही सांगितलं आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

माफी मागत नाही. कोणत्या तोंडानं मागू?


१८ जून

वहिनी,

तुमचं काही उत्तर नाही, पण हे तुम्हाला कळायलाच हवं. कचेरीकडून सरकारी कागदही येईल, त्याच्या आधी माझ्याकडून.

दाताच्या डॉक्टरांनी गाडी एका म्हाताऱ्याकडून घेतली होती. तो म्हातारा त्या गाडीचा पहिल्यापासूनचा ड्रायव्हर. कारखाना बंद पडला, मांजरांनी गाडी त्याच्याकडे ठेवायला दिली आणि ती त्याचीच झाली. चौकशीच्या बाई त्याच्याकडे चार वेळा गेल्या. चौथ्या वेळी तो बोलला. त्याचा जबाब मला वाचायला दिला होता.

दादाला शहराबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात नेलं. दुपारपर्यंत आत काय झालं ते ड्रायव्हरला माहीत नाही. तो बाहेर गाडी पुसत होता, असं त्यानं सांगितलं आहे. तीन वाजता त्याला आत हाक मारली, तेव्हा दादा गेलेला होता. त्याला त्यांनी दोन तासांवरच्या लहान गावातल्या दवाखान्याच्या फाटकाशी ठेवलं. दवाखान्यानं आपल्याच जागेत पुरलं. त्यांच्या वहीत नोंद आहे, तारीख जुळते. अनोळखी पुरुष, वय पस्तीसच्या आसपास, उजव्या अंगठ्यावर जुन्या जखमेचा आडवा वण. खोक्याच्या लोखंडी पट्टीनं कापला होता तो, तुम्हीच आठवडाभर पट्ट्या बदलत होतात. जागा नक्की झाली आहे. पुढचं तुमच्या सहीशिवाय करणार नाहीत.

मांजरांना कचेरीत बोलावलं होतं. दोन तासांनी ते घरी गेले. वकील आहे, वय आहे, छातीचं दुखणं आहे. रोज संध्याकाळी आमच्या घराखालून फिरायला जातात. एकदा वर बघून काठी उचलली, नमस्कार केल्यासारखी. तेव्हापासून मी खिडकीशी जात नाही.

आणखी एक गोष्ट जबाबात आहे. ती मी गाळणार होतो. तीन दिवस हे पत्र तिच्यापाशीच अडलं होतं.

गाडी शहराबाहेर पडल्यावर मांजरांनी मागे वळून दादाला सांगितलं, "तुझं अक्षर तुझ्या भावानंच ओळखलं." ड्रायव्हर म्हणतो, त्यावर तो माणूस एवढंच म्हणाला, "तो लहानपणापासून घाबरट आहे. त्याला काही करू नका."

मला कुणी काही केलं नाही. मी सदुसष्ट वर्षांचा झालो.


१ जुलै

वहिनी,

तुमचं कार्ड काल मिळालं. अक्षर बदललेलं नाही. चारच वाक्यं आहेत, ती मला पाठ झाली. एकोणतीस तारखेला येतेय. छकुली बरोबर आहे. सही करायला कुठे जायचं ते कळवा. तुम्ही स्टेशनवर येऊ नका.

नाही येणार. ही येईल. तिला तुम्ही ओळखाल, केस सगळे पांढरे झालेत पण चाल तीच आहे, अंगावर आल्यासारखी. तिच्याकडे राखाडी पिशवी असेल. गाडी पावणेदहाला येते, बहुतेक उशिराच. स्टेशनच्या मागच्या दारानं बाहेर पडा, पुढे मांजरांच्या जावयाचं दुकान आहे. कचेरीचा जिना उंच आहे, कठड्याला धरून चढा. बाई सकाळी अकरानंतर भेटतात. त्या स्वभावानं चांगल्या आहेत, फक्त प्रश्न दोनदा विचारतात. दवाखान्याच्या गावाला जायला त्यांनी गाडीची सोय केली आहे. कसली गाडी, तेवढं मी विचारून घेतलं. नवी आहे.

राहायची सोय हिच्या बहिणीकडे केली आहे, म्हणजे आमच्या घरी यावं लागणार नाही.

मी घरीच असेन. तुम्ही बोलावलंत तर येईन, दवाखान्याच्या गावापर्यंत येईन, मागे उभा राहीन. नाही बोलावलंत तर नाही.

रात्री झोप लागत नाही असं नाही, लागते. पण दाढीचा आरसा मी आतल्या खोलीत नेलाय. ही म्हणते, "आता कसली भीती? सगळं तर सांगून झालं." तिला काय सांगू? मांजरांची आहेच, ती मरेपर्यंत राहील. पण हल्ली दिवसभर मी जिन्याकडे कान लावून असतो ते त्यांच्यासाठी नाही. एकोणतीस तारखेला तुम्ही तो करकरता जिना चढून वर याल, दारात उभ्या राहाल आणि माझ्याकडे बघाल, याची भीती वाटते.

आणि वर येणारच नाही, याची त्याहून जास्त.